कागद आठे शे

धुळे

धुळ्याच्या एसटी स्टँडवर मी सकाळी उतरले तेव्हा माझ्या पोटाशी, साडीच्या आत, प्लास्टिकचं एक पाकीट बांधलेलं होतं आणि त्यात दुसऱ्याच बाईचा शाळा सोडल्याचा दाखला होता. माझा स्वतःचा दाखला त्या बाईकडे होता. तो आणायला मी रेवदंड्याहून निघाले होते. त्याआधी पनवेलच्या पुढे मी एकटी कधी गेले नव्हते.

हे असं का झालं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मी सातवीत शाळा सोडली. पुढे लग्न झालं, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं सगळं मी केलं. त्यातून म्हातारी माणसं सांभाळायचं काम अंगवळणी पडलं आणि अलिबागला तेच काम मी पगारावर करू लागले. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंची आई परदेशात मुलाकडे असते. त्या आजींना मराठी बोलणारी, भात-आमटी करून घालणारी बाई हवी होती. बाईंनी मला विचारलं. आमच्या ह्यांचा हात बोटीवरच्या चाकात सापडल्यापासून ते समुद्रावर जात नाहीत, मुलगा कॉलेजात. मी हो म्हटलं, आणि हो म्हटल्यापासून मला झोप नाही.

देशाचं नाव मी लिहीत नाही. त्या लोकांशी अजून माझं काम पडतं, उगाच कशाला. त्यांच्या कचेरीने मूळ कागद मागितले, मी दिले. व्हिसा नाकारला. कारण काय, तर दाखल्यावर नाव सुनंदा हरी म्हात्रे आणि पासपोर्टवर सुनंदा रमेश पाटील. या दोघी एकच बाई असल्याचं प्रतिज्ञापत्र मी जोडलं नव्हतं. बरं, ते जोडून पुन्हा अर्ज करते म्हटलं, तर कागद परत येईनात. निर्णय कधीच झालेला, कागद त्यांच्याकडेच. मुलगा मेल करायचा, उत्तर यायचं की कागदपत्रं आमच्या ताब्यात सुरक्षित आहेत. नाही म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण नाही म्हटल्यावर माणसाचे कागद कशाला ठेवून घ्यायचे? आमच्याकडे लग्न जमलं नाही तर मुलीची पत्रिका दुसऱ्या दिवशी परत येते.

शेवटी एकदाचं पाकीट आलं. पासपोर्ट माझाच होता. दाखला मात्र कुणा दुसऱ्या सुनंदा पाटीलचा, एरंडोल तालुक्यातल्या शाळेचा. माझी शाळा मुलं कमी झाली म्हणून बंद पडली आहे, तिची रजिस्टरं कुठे गेली ते तालुक्याच्या कचेरीतही कोणाला सांगता येईना. म्हणजे दुसरी प्रत मिळायची नाही. आणि आजींच्या घरची माणसं संक्रांतीपर्यंतच थांबणार होती, त्यानंतर दुसरी बाई बघणार होती.

मी देवापुढे बसून रडत होते तेव्हा फोन आला. माझ्या अर्जाचं पहिलं पान, ज्यावर माझा नंबर होता, तेही त्या घरी गेलं होतं. बोलणारा पुरुष होता. म्हणाला, मी एरंडोलकडून रमेश पाटील बोलतो.

आमच्या ह्यांचंही नाव रमेश पाटील. मी क्षणभर ह्यांच्याकडेच बघत राहिले.

"ताई, काळजी करू नका," तो माणूस म्हणाला, "तुमना कागद आठे शे."

"आठशे?"

"हा, हा, आठे शे! आठे शे! तुम्ही फक्त या."

मी फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं, पैसे मागतायत. हे म्हणाले, "आठशेच ना? देऊन टाक. पण कागद हातात आल्याशिवाय पाकीट सोडू नकोस." पोस्टाने पाठवा असं मी म्हटलं नाही. तो कागद पुन्हा नजरेआड करायची माझी हिंमत नव्हती.

तर अशी मी धुळ्याला उतरले. चौकशीच्या खिडकीत बसलेल्या माणसाला विचारलं, एरंडोलची गाडी कुठे लागेल? तो मान वर न करता म्हणाला, "आठे लागी." मी फलाट शोधत शोधत आठ नंबरला जाऊन उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. तिथल्या गाड्यांच्या पाट्या वाचत होते, शहादा, नंदुरबार, पुन्हा शहादा. जवळच एक चाचा चेन, कुलपं, छत्र्या दुरुस्त करायला बसले होते. ते म्हणाले, "ताई, जायचंय कुठे?"

"एरंडोल."

"मग इथे काय करताय? ती तर खिडकीसमोरून गेली, तुमच्या डोळ्यांदेखत."

मी पिशवी खाली टेकवली. चाचांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. तिची चेन वाटेत तुटली होती आणि आत त्या लोकांसाठी भेट म्हणून नेलेले सुके बोंबील आणि सुकट होती. रात्रभर एसटीतले लोक एकमेकांकडे संशयाने बघत होते, मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"बोंबील?" चाचांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, धुळ्याला समुद्र नाही, पण नाक आहे." त्यांनी पिशवी ओढून घेतली आणि चेन लावायला बसले. "कोणाकडे चाललात?"

मी सगळं सांगितलं, आठशे रुपयांचं तेवढं सोडून. मला त्यांच्या गावकऱ्यांबद्दल वाईट बोलायचं नव्हतं. चाचा म्हणाले, "दुपारी पोचाल. पण आज परत यायचा विचार करू नका. एरंडोलकडची माणसं तुम्हाला जेवल्याशिवाय सोडायची नाहीत, आणि एकदा जेवलात की झोपल्याशिवाय सोडायची नाहीत."

मला ते धमकीसारखं वाटलं. पुढच्या गाडीत बसवून देताना त्यांनी कंडक्टरला ओरडून सांगितलं की या बाईला एरंडोल आल्यावर हलवून सांग, नाहीतर जळगावला जाईल. चेनचे त्यांनी जे होतात तेच घेतले, वर चहा पाजला. घाबरलेल्या माणसाला इतकं पुरतं.

एरंडोलच्या आत

पारोळा मागे पडलं तसं आकाश मोठं झालं. समुद्राकडच्या माणसाला सपाट दिसलं की पाणी शोधायची सवय असते. दोन्हीकडे काळी जमीन आणि तिच्यावर पांढरं पांढरं काही पसरलेलं. मला वाटलं, इथे मिठागरं कुठून आली? शेजारच्या बाईला विचारलं तर तिला मिठागर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि मला कापूस झाडावर फुटलेला कसा दिसतो ते माहीत नव्हतं. आम्ही दोघींनी एकमेकींना समजावलं. ती म्हणाली, "पाणी वाळवून मीठ? मग तुमचं सगळं पीक चवीचंच." इतकं चांगलं आमच्या मिठागराबद्दल कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

एरंडोलच्या स्टँडवर रमेशभाऊ उभे होते, पांढरी टोपी, खिशात दोन पेनं. त्यांच्या शेजारी उंच, सावळी, मोठ्या हाडाची बाई. तिने मला गर्दीत लगेच ओळखलं. नंतर कळलं, पिशवीच्या वासावरून.

"या ताई," ती म्हणाली. "मी बी सुनंदा."

रिक्षाने गावात गेलो. घर नवं, स्लॅबचं, पुढे कडुनिंब, त्याखाली म्हशी. ओट्यावर रमेशभाऊंची आई बसली होती, तिला सगळे अक्का म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ. माळ पाहून मी पिशवी पायामागे सरकवली. माझ्या पिशवीत बोंबील!

पाणी झालं, चहा आला. मला राहवेना. एकदा व्यवहार पुरा झाला की जीव भांड्यात पडेल असं वाटत होतं. मी आठशे रुपयांचं पाकीट काढून रमेशभाऊंच्या बशीशेजारी ठेवलं.

"हाई काय शे?" त्यांनी विचारलं.

"आठशे. बघून घ्या."

"कसाना आठशे?"

"कागदाचे. तुम्हीच फोनवर सांगितलंत ना. दोनदा सांगितलंत."

रमेशभाऊ पाकिटाकडे बघत राहिले. सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. ओट्यावरून आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग कळलं की अक्का हसते आहे. पदर तोंडाला लावून ती आत आली, जमिनीवर हाताने थाप मारली.

"आठे!" अक्का म्हणाली. पुन्हा थाप मारली. "आठे! आठे शे! कागद आठे शे!"

"ताई," सुनंदा मला हळूच म्हणाली, "आमच्याकडे आठे म्हणजे इथे. शे म्हणजे आहे. कागद इथे आहे, एवढंच म्हणत होते हे."

तेव्हा मला धुळ्याची खिडकी आठवली. आठे लागी. इथेच लागेल! मी तेही सांगून टाकलं, आणि अक्का भिंतीला टेकून बसली, तिला उभं राहवेना. पण रमेशभाऊ हसले नाहीत. एरवी घरात खानदेशी बोलणारा तो माणूस एकदम शाळेतल्यासारखं शुद्ध बोलला. "म्हणजे तुम्हाला असं वाटलं, की आम्ही परक्या बाईचा कागद दाबून ठेवला आणि त्याचे पैसे मागतो आहोत?"

ज्यांनी खरोखर कागद ठेवून घेतले होते त्यांना पाठवायच्या प्रत्येक मेलखाली मी मुलाला ‘आपली नम्र’ लिहायला सांगत होते. आणि ज्याने आपण होऊन फोन करून कागद इथे आहे म्हणून सांगितलं, त्याच्या चहाजवळ मी पाकीट ठेवलं होतं. मी हात जोडले.

अक्कानेच सोडवलं. "जाऊ दे रे," ती मुलाला म्हणाली, "समुद्रनी बाई शे. कानमा पानी गयं व्हई."

कानात पाणी गेलं असेल! रमेशभाऊंच्या मिशा हलल्या, मग ते हसले, आणि मी रडले. सुनंदाने पाकीट उचलून माझ्या पदरात टाकलं.

"आणि माझा कागद?" मी विचारलं.

"कागद कोठे जास?" अक्का म्हणाली. "पहिले जेवाले बस."

चाचांचं म्हणणं खरं झालं. दुपारी जेवण झालं, कागदाचं नाव नाही. सासू-सून म्हणाल्या, जरा पडा, पडले. उठले तर म्हणाल्या, शेतात चला, आज तुमच्यासाठी भरीत आहे. मी दर थोड्या वेळाने विचारायचे, दर वेळी उत्तर तेच, कागद आठे शे. ताब्यात ठेवणं म्हणजे काय ते मला त्या कचेरीने शिकवलं होतं. इथे तेच चाललं होतं, पण खाऊ घालून.

बोंबलांचं मी शेवटी सुनंदाच्या कानात सांगितलं. तिने पिशवी अक्काच्या नकळत कडुनिंबाच्या उंच फांदीला टांगली. संध्याकाळपर्यंत गावातली सगळी मांजरं त्या झाडाखाली येऊन बसली होती. अक्काने मांजरांकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, "न्या वं बठ्ठं. आम्ही माळकरी, पन झाड माळकरी नही." बठ्ठं म्हणजे सगळं. ते सुकट-बोंबील कोणाच्या घरी शिजले ते मला सकाळी वासावरून कळलं.

भरताबद्दल मात्र नीट लिहायला हवं. आमच्याकडे वांगं म्हणजे भाजी नसली की करायची भाजी. इथे ती हिरवी-पांढरी, दुधीएवढी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. काड्या फटाफट पेटतात, झटकन विझतात, म्हणून एकजण फक्त जाळ सांभाळायला. ते काम रमेशभाऊंचं. साली काढून वांगी लाकडाच्या खोलगट भांड्यात, बडगीत, हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचली. वर तेल, कांद्याची पात, शेंगदाणे. बरोबर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. तिला एक खरपूस, मातीसारखा वास असतो. आमची तांदळाची भाकरी मऊ, लगेच मोडणारी. ही चावावी लागते, आणि चावताना माणसाला बोलता येत नाही, त्यामुळे सगळे गप्प बसून जेवत होते आणि सूर्य कपाशीमागे जात होता. पहिल्या घासाला मिरचीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रमेशभाऊ म्हणाले, "आता रडू नका, हे फुकट आहे."

जेवताना सुनंदाने तिची गोष्ट सांगितली. तिची मुलगी वैशाली त्याच देशात एका दवाखान्यात नोकरी करते. तिला बघायला जाण्यासाठी सुनंदाने अर्ज केला होता. तोही नाकारला. त्यांनी लिहिलं, अर्जदार बाई परत येईल याची खात्री वाटत नाही.

"चार म्हशी आहेत माझ्या," सुनंदा म्हणाली. "कापूस उभा आहे. हा माणूस आहे, याला चहा करता येत नाही. मी परत येणार नाही तर जाईन कुठे?"

"पुन्हा अर्ज कर," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "कागद तिकडे होते ना, तेव्हा मला रोज वाटायचं, माझं नाव कोणी उचलून नेलंय. आता नाही देणार. तुमचं काम पोटाचं आहे, तुम्ही द्या." मग म्हणाली, "तुम्हाला मिळाला तर माझ्या वैशालीला भेटाल? नुसतं बोलू नका. तिच्या तोंडावरून हात फिरवून या. फोनमधून तेवढं होत नाही."

मी हो म्हटलं. त्या क्षणी माझ्या अर्जावर दोन बायकांचं ओझं आलं. गंमत अशी की मला ते जड वाटलं नाही. एकटीचं होतं तेव्हा जास्त जड होतं.

शेतातून परतल्यावर, दिवेलागणीला, अक्का देव्हाऱ्यासमोर बसली, दिवा लावला, आणि खंडोबाच्या टाकाखालून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. माझा दाखला. हेडमास्तरांची वळणदार सही, वडिलांचं नाव, आणि शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात ‘घरगुती’. पोटाशी बांधलेला सुनंदाचा दाखला मी सोडून तिच्या हातात दिला, माझा छातीशी धरला आणि मग उलटा केला.

मागच्या बाजूला, कोपऱ्यात, हळदीचं बोट आणि त्यावर ठसठशीत कुंकू.

परदेशी कचेरीत हातावरची शाई पुसून आत सोडतात. कागदावर पेनाची रेघ जास्त असली तरी परत पाठवतात. आणि हा मूळ कागद, ज्याची जगात दुसरी प्रत नाही.

"अक्का!" रमेशभाऊ ओरडले. "सरकारी कागद शे तो!"

"मंग?" अक्का म्हणाली. "घरमा नवीन काय उनं का आपन कुकू लावतस. टॅक्टरले लावं, बँकना पुस्तकले लावं. हाई तर लेकीबाळीनं नाव शे. तसंच ठेवू का?" आणि मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "त्यासना शिक्का पुढे शे. मना शिक्का मागे शे."

त्यांचा शिक्का पुढे, माझा मागे. मला हसावं की रडावं कळेना. आमच्याकडेही नव्या बोटीला, नव्या जाळ्याला कुंकू लावतात. मी असते तर मीही लावलं असतं का? असतं बहुतेक. मी वाकून अक्काच्या पाया पडले. पण रात्री पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांसमोर तो लाल ठिपका होता आणि काउंटरच्या काचेमागचा गोरा माणूस.

पद्मालय आणि पिंप्राळा

सकाळी सुनंदा म्हणाली, जळगावला माझा भाऊ आहे, कोर्टाजवळ टायपिंग करतो, प्रतिज्ञापत्रं लिहिण्यात त्याची हयात गेली. तो कुंकवाचं काय ते सांगेल आणि तुमच्या दोन नावांचा कागदही करून देईल. वाटेत आम्ही पद्मालयाला गेलो. तळ्यात कमळं, आजूबाजूला रान, आणि एकाच गाभाऱ्यात शेजारी शेजारी दोन गणपती, एकाची सोंड डावीकडे, एकाची उजवीकडे. सुनंदाने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "देवा, तुझे दोन असून इथे कधी घोटाळा होत नाही. तिकडच्या साहेबांना एवढी अक्कल दे." पुजाऱ्याने आमच्याकडे वळून पाहिलं.

जळगावात पिंप्राळ्याला तिचा भाऊ राहतो. त्याला घरी नाना म्हणतात. लहान घर, दारात स्कूटर, आत पाटावर बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड वाळत घातलेले. नाना फार कमी बोलणारा. त्याने दाखला खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

"अक्काने केलं ना हे?" तो म्हणाला.

"हो," सुनंदा म्हणाली.

"माझ्या दहावीच्या मार्कशीटलाही असंच केलं होतं, बहिणीच्या घरी दाखवायला नेली तर. नोकरी लागली नाही, पण त्याचं कारण मार्क होते." मग मला म्हणाला, "अक्षराला लागलेलं नाही. पुसू नका, ओलं बोट लावू नका. पुसलं की तो डाग होतो. असू दिलं तर ते कुंकू आहे, आणि विचारलं तर तसं सांगायचं. खरं असेल ते सांगायला भाषा लागत नाही."

त्याने प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. माहेरची सुनंदा हरी म्हात्रे आणि सासरची सुनंदा रमेश पाटील या एकच व्यक्ती आहेत. तो वाचून दाखवत होता तेव्हा सुनंदा माझ्या शेजारी बसून प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. तिचं माहेरही पाटीलच, सासरही पाटीलच. म्हणाली, "आमच्यात बठ्ठा पाटीलच. म्हणून तर मला तुमच्यासारखा कागद लागलाच नाही. नुसता त्या देशाचा होकार लागला."

स्टेशनवर मला सोडायला ती दोघं आली. नानाने केळ्याचे वेफर्स दिले. सुनंदाने कळण्याचं पीठ दिलं, वैशालीसाठी. मी म्हटलं, "अगं, अजून व्हिसा नाही." ती म्हणाली, "पीठ टिकतं."

गाडी सुटताना ती खिडकीबरोबर थोडी चालत आली आणि कमरेला हात लावून दाखवत म्हणाली, "ताई, कागद?" मी पोटाशी हात ठेवला. पोटाशी पाकीट होतं.

पुन्हा रेवदंडा

पुन्हा अर्ज केला. काउंटरवरच्या मुलीने कागद उलटा केला, थांबली, इंग्रजीत काही विचारलं. मी कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं, मग कागदावरच्या. तिने मान डोलावली आणि पुढचा कागद घेतला. नाना म्हणाला होता तसंच. भाषा लागली नाही.

मग पुन्हा तेच. निर्णय झाला असल्याचा संदेश आला, काय झाला ते नाही. कागद त्यांच्या ताब्यात सुरक्षित. संक्रांत जवळ आली. मी तिळगूळ करायला घेतला आणि पाक दोनदा जाळला. दर दोन-तीन दिवसांनी एरंडोलहून फोन यायचा. रमेशभाऊ विचारायचे, उनात का, म्हणजे आले का? मी म्हणायचे, नाही. मग सुनंदा फोन घ्यायची आणि आम्ही कापसाचं, मासळीचं बोलायचो, कागद सोडून सगळं.

पाकीट आलं तेव्हा मी एकटी घरी होते. पासपोर्ट बाजूला ठेवला, आधी दाखला काढला, आणि पुढची बाजू न बघता उलटा केला. कोपऱ्यात हळद, तिच्यावर कुंकू. थोडं फिकट झालेलं, पण तेच. जगात सुनंदा पाटील किती असतील कोण जाणे, अक्काचा शिक्का असलेली एकच. ज्याच्या भीतीने मी एरंडोलला रात्र काढली, त्याच खुणेने माझा कागद मला पहिल्या नजरेत ओळखू आला.

मी लगेच फोन लावला.

"कागद?" सुनंदाने विचारलं.

"आठे शे," मी म्हटलं.

पलीकडून ओरडा झाला, अक्काला सांगितलं गेलं, अक्काचं हसणं ऐकू आलं. मग रमेशभाऊ फोनवर आले. "ताई, ते बरं झालं. अन् व्हिसा?"

मी पासपोर्ट उघडलाच नव्हता. "थांबा," मी म्हटलं, आणि पानं उलटू लागले.

आणि आता

ज्या खोलीत बसून मी हे लिहिते आहे तिथून समुद्र दिसत नाही. आजी शेजारच्या खोलीत झोपल्या आहेत. त्यांना कळण्याची भाकरी चावत नाही, आमटीत कुस्करून देते, आवडते. इथली माणसं चांगली आहेत, पण कोणी दारात उभं राहून जेवलीस का असं विचारत नाही, ते मला अजून चुकल्यासारखं वाटतं. माझा दाखला उशाच्या कपाटात, वर कपडे.

गेल्या रविवारी वैशाली आली. रेल्वेने बरंच लांबून आली होती. दार उघडलं तर समोर सुनंदाच उभी, तीच उंची, तीच हाडं, फक्त अंगात जाड कोट. मी काही बोलायच्या आधी दोन्ही हात तिच्या तोंडावरून फिरवले, कानशिलापर्यंत, जसं सांगितलं होतं तसं. तिने डोळे मिटून घेतले.

नंतर तिने खाली बसून, कोटासकट, गरम भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि तोंडात घास असतानाच घरी फोन लावला. पडद्यावर आधी कडुनिंब दिसला, मग म्हैस, मग अक्काचा एक डोळा.

"पोची का वं ती?" अक्का ओरडून विचारत होती. "ती सुनंदा पाटील? तिले येऊ दिधं का त्यासनी?"

वैशालीने घास गिळला आणि फोन माझ्याकडे वळवला.

"हा अक्का," ती म्हणाली. "सुनंदा पाटील आठे शे."